इंग्रजीच्या चुका आणि मराठीचे नियम



वसंत व्याख्यानमालेत व्याकरणावर बोलणे म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाच्या हाती पाटी देण्यासारखे आहे, ह्याची आम्हांस कल्पना आहे. दिवसभराच्या उन्हानंतर संध्याकाळच्या वाऱ्याला आपण येथे येऊन बसलात, ते विभक्तिप्रत्यय ऐकण्यासाठी खास नव्हे. पण पाथरीसारख्या गावात आज असे घर क्वचितच सापडेल, की जेथे इंग्रजीची काळजी नाही. म्हणून हा विषय रूक्ष असला तरी परका नाही, एवढ्या भरवशावर आम्ही तो निवडला.

प्रथम एक लहानशी हकीकत सांगतो. आमच्या वर्गात एक मुलगा होता. गणितात हुशार, पाठांतरात पक्का. एके दिवशी इंग्रजीच्या तासाला तो उभा राहिला आणि म्हणाला, 'ही डिड नॉट वेन्ट.' मास्तर हसले, म्हणून वर्ग हसला, आम्हीही हसलो. पुढे शाळा संपेपर्यंत त्या मुलाने वर्गात इंग्रजीचे एक वाक्य उच्चारले नाही. त्याची चूक काय होती हे त्याला कोणी सांगितले. ती का झाली हे मात्र कोणी सांगितले नाही. आमच्याही ते पुष्कळ वर्षांनी ध्यानात आले. ध्यानात आले तेव्हा असे दिसले, की त्या मुलाने नियम मोडला नव्हता. तो पाळला होता. फक्त तो नियम मराठीचा होता.

आज आम्हांस जे सांगावयाचे आहे ते एवढेच. इंग्रजी शिकताना आपली मुले ज्या चुका करतात, त्यांपैकी बहुतेक अज्ञानाच्या नसतात. त्या मराठीच्या उत्तम ज्ञानातून निघालेल्या असतात. हे ज्याला कळेल त्याला चूक दुरुस्त करता येईल, आणि मुख्य म्हणजे चुकीची लाज वाटणार नाही.

राज्यकर्त्यांची भाषा शिकणे हे ह्या गावाला नवीन नाही. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुळकर्णी होते, असे फरिश्ता ह्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. त्या कुळातला एक मुलगा लढाईत पकडला गेला, बहामनी दरबारी वाढला, राजपुत्राच्या जोडीने फारशी आणि अरबी शिकला, आणि मलिक हसन ह्या नावाने मोठ्या पदाला चढला. त्याच्या मुलाने, मलिक अहमदाने, १४९० साली निजामशाही स्थापिली. पुढे हैदराबाद संस्थानात उर्दू आली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात सगळे उच्च शिक्षण उर्दूतून होते आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय होता. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान मुक्त होईपर्यंत, घरी मराठी बोलणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलाला पुढे शिकायचे तर दोन परक्या भाषांचे ओझे घेऊनच शिकावे लागे. त्या पिढीने ते ओझे उचलले. तेव्हा आपल्या डोक्यात भाषा शिरत नाही, असे ह्या गावच्या मुलाने म्हणण्याचे कारण नाही.

आता एकेक शंका घेऊ.

पहिली, अर्थातच, 'डिड नॉट वेन्ट'ची. मराठीत आपण म्हणतो, 'तो गेला नाही.' येथे भूतकाळ कशात आहे? 'गेला' ह्या क्रियापदात. 'नाही' हा शब्द काळाचे काही सांगत नाही. 'येत नाही' आणि 'आला नाही' ह्या दोहोंत तो जसाच्या तसा राहतो. साहजिकच मराठी मुलगा भूतकाळ मुख्य क्रियापदात घालतो आणि 'वेन्ट' म्हणतो. इंग्रजीत काळाचे ओझे 'डिड'ने उचललेले असते. एकाच ओझ्याला दोन हमाल लागत नाहीत, म्हणून पुढे नुसते 'गो' येते. पण ही रीत मराठीला अगदी अनोळखी आहे काय? 'तो येत नाही' आणि 'तो येत नव्हता' ही वाक्ये शेजारी ठेवा. 'येत' बदलले नाही. भूतकाळ 'नव्हता'ने उचलला. 'डिड नॉट' म्हणजे इंग्रजीतले 'नव्हता' समजा. वर्गात एवढे सांगितले असते तर तो मुलगा शहाणा होऊन खाली बसला असता.

दुसरी शंका 'सिन्स' आणि 'फॉर' ह्यांची. 'सिन्स टू इयर्स' हे चूक आहे असे मुलांना दर वर्षी सांगतात, आणि मुले दर वर्षी तेच लिहितात. का? मराठीत 'सोमवारपासून' म्हणतात आणि 'दोन वर्षांपासून'ही म्हणतात. 'पासून' हा एकच शब्दयोगी अव्यय दोन कामे करतो. इंग्रजीने ती वाटून दिली आहेत. काम कधी सुरू झाले हे सांगायचे तर 'सिन्स'. किती काळ चालले हे सांगायचे तर 'फॉर'. शेताच्या भाषेत सांगायचे तर 'सिन्स' ही बांधावरची खूण आहे आणि 'फॉर' ही बांधापासूनची मोजणी आहे. ह्याच वाक्यात दुसरी एक अडचण असते. 'मी येथे दहा वर्षांपासून राहतो' असे आपण सरळ वर्तमानकाळात बोलतो. इंग्रज तेथे 'आय हॅव लिव्ह्ड' म्हणतो; कारण त्याच्या मते ती दहा वर्षे मागे पसरलेली आहेत आणि त्यांचे टोक आजपर्यंत आले आहे. उलट, 'हे पुस्तक मी गेल्या वर्षी वाचले आहे' असे मराठीत खुशाल चालते. इंग्रजीत 'गेल्या वर्षी' म्हणताच 'हॅव' बाहेर जातो. नेमकी वेळ सांगितली की साधा भूतकाळ, हा त्यांचा बाणा.

तिसरी शंका 'आहे' ह्या शब्दाची. शाळेत पहिल्याच आठवड्यात मूल घोकते, की 'आहे' म्हणजे 'इज', 'आहेत' म्हणजे 'आर'. हे अर्धे खरे आहे आणि म्हणून घातक आहे. 'मला माहीत आहे' ह्याचे इंग्रजी 'आय नो' असे दोन शब्दांत होते; पण मुलाला 'आहे' ऐकू आला, त्याला त्याची सोय लावायची आहे, म्हणून तो 'आय ॲम नोइंग' म्हणतो. 'मला मान्य आहे' ह्याचे 'आय ॲम ॲग्री' होते ते ह्याच कारणाने. खरी गोष्ट अशी, की मराठीत 'जवळ असणे' ह्या अर्थाचे स्वतंत्र क्रियापद नाही. 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याजवळ शंभर रुपये आहेत', 'घराला तीन दारे आहेत', 'पोराला ताप आहे'. पाहा, भाऊ, पैसा, दार आणि ताप ही सगळी आपल्याकडे नुसती 'असतात', आणि माणसाला त्यांचा 'ला' किंवा 'जवळ' लागतो. इंग्रजीत मात्र माणूस वाक्याचा धनी होऊन बसतो आणि भावापासून तापापर्यंत सगळे 'हॅव' ह्या एका क्रियापदाने आपल्या मालकीचे करतो. हा फरक समजला की 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' आपोआप सुटते.

चौथी शंका फार जुनी आहे, आणि तिने भल्याभल्यांना घाम फोडला आहे. ती म्हणजे 'अ', 'ॲन' आणि 'द'. मराठीत असे काही नाहीच, मग आम्ही हे कसे शिकावे, असा प्रश्न असतो. परंतु मराठीत ते खरोखर नाही काय? गोष्ट सांगताना आजी 'एक राजा होता' म्हणते. तो 'एक' काही मोजण्यासाठी नसतो. तो 'अ' आहे. आणि 'द'? घरात कोणी आजारी पडले तर आपण म्हणतो, 'डॉक्टर बोलवा.' म्हणजे कोणीही चालेल. पण 'डॉक्टरांना बोलवा' म्हटले, की ते आपले नेहमीचे, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असलेले डॉक्टर. 'मुलगी पाहिली' आणि 'मुलीला पाहिले' ह्यांतला भेद तर लग्नाच्या वयाचा मुलगा ज्या घरात आहे, त्या घराला समजावून सांगावयास नको. ठाऊक आणि अठाऊक हा विचार आपण रोज करतो. फक्त तो आपण पुष्कळदा 'ला'-'ना' प्रत्ययावर सोपवतो आणि इंग्रज तो शब्दाच्या पुढे उभ्या केलेल्या भालदारावर सोपवतो.

'अ' आणि 'ॲन' ह्यांच्या बाबतीत तर देवनागरीच आपल्याला तारते. स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाला 'ॲन', असा नियम. पण मुले रोमन अक्षरे पाहतात आणि फसतात. शब्द देवनागरीत लिहून पाहा. 'अवर' हा अ ह्या स्वराने सुरू होतो, म्हणून 'ॲन अवर'. मूळ लेखनात आरंभी असलेले मुके अक्षर मोजायचे नाही. 'युनिव्हर्सिटी' य ह्या व्यंजनाने सुरू होते, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'एम. एल. ए.' एकाराने सुरू होते, म्हणून 'ॲन'. आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते, तिचा हा उपयोग आम्ही करून घेत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

लिपीचा विषय निघाला म्हणून पाचवी शंका. 'पुट' असे म्हणायचे तर 'बट' का? ह्यावर मास्तरांचे उत्तर ठरलेले असते: 'इंग्रजीत तसेच असते.' पण त्याला कारण आहे. इंग्लंडात विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली छापखाना घातला, आणि त्यानंतरच्या काळात शब्दांचे लेखन हळूहळू ठरून गेले. उच्चार मात्र बदलत राहिले. सतराव्या शतकाच्या सुमारास दक्षिण इंग्लंडात त्या आखूड उकाराचे दोन भाग पडले; काही शब्दांत तो 'अ'कडे सरकला, काहींत जागीच राहिला. उत्तर इंग्लंडात तो पुष्कळ ठिकाणी सरकलाच नाही. तेथला माणूस आजही 'बट'चा उच्चार जवळजवळ 'बुट' असा करतो. म्हणजे आमच्या मुलाने 'बुट' म्हटले तर तो निदान इंग्लंडच्या सीमेबाहेर गेला नाही! आणि आपण तरी हसावे कशाला? 'चार' आणि 'चारा' हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. अक्षर एक, उच्चार दोन. मराठी शिकणाऱ्या परप्रांतीयाने कारण विचारले, तर आपण काय सांगणार? 'मराठीत तसेच असते.'

सहावी शंका व्याकरणाची कमी आणि रीतीभातीची अधिक आहे, पण तिच्यामुळे नोकऱ्या जातात म्हणून ती सांगितली पाहिजे. 'पाणी द्या', 'जरा सरका', 'सही करा' ह्या वाक्यांत आदर कोठे आहे? 'द्या', 'सरका', 'करा' ह्या रूपांतच आहे. 'दे', 'सरक', 'कर' म्हटले की तो गेला. मराठी माणसाला वेगळा 'कृपया' लागत नाही; तो सरकारी पाटीवर शोभतो. पण तेच वाक्य इंग्रजीत नेले, की 'गिव्ह' एवढेच उरते. तेथे 'तू' आणि 'तुम्ही' हा भेद नाही, म्हणून क्रियापदाला आदराचे रूप नाही. त्यामुळे त्यांना 'प्लीज', 'कुड यू' असे शब्द बाहेरून जोडावे लागतात. आमचा सालस मुलगा मुलाखतीला जातो, मनात 'द्या' म्हणतो, तोंडाने 'गिव्ह मी' म्हणतो, आणि समोरच्याला तो उद्धट वाटतो. संस्कार कमी पडले असे नाही. प्रत्यय वाटेत सांडला, एवढेच.

असाच घोटाळा 'येस' आणि 'नो' ह्यांचा. यजमान विचारतात, 'तुम्ही अजून जेवला नाहीत ना?' आपण म्हणतो, 'हो, अजून नाही.' आपला 'हो' विचारणाऱ्याच्या बोलण्याला दिलेला दुजोरा असतो. इंग्रज बोलण्याकडे पाहत नाही, घडलेल्या गोष्टीकडे पाहतो; जेवण झाले नसेल तर 'नो', झाले असेल तर 'येस'. तेव्हा परक्या देशात पाहुणे म्हणून गेलेला मराठी माणूस ह्या प्रश्नाला नुसते 'येस' म्हणून गप्प बसला, तर तो उपाशी झोपण्याचा संभव आहे.

आता कोणी म्हणेल, की इंग्रजीचेच नियम सरस आणि आपण त्यांच्यापुढे उणे. तसे मुळीच नाही. 'रामा हा दशरथाचा कितवा मुलगा?' ह्या साध्या प्रश्नाचे इंग्रजी करून पाहा. 'कितवा'ला इंग्रजीत एक शब्द नाही. वाक्य मोडून नवे बांधावे लागते. 'आम्ही' आणि 'आपण' ह्यांचेही तसेच. 'आम्ही परभणीला जातो' म्हटले तर आपण घरी राहायचे. 'आपण परभणीला जाऊ' म्हटले तर आपणही पिशवी घ्यायची. इंग्रजीत दोन्हीकडे 'वुई'. बोलावणे आहे की नाही हे अंदाजाने ओळखायचे. आणि मामा, काका, मावसोबा ह्या सगळ्यांना त्यांनी एकाच 'अंकल'मध्ये कोंबले, ते तर सर्वांना ठाऊक आहे. प्रत्येक भाषेच्या घरात काही खोल्या मोठ्या असतात, काही लहान. शेजाऱ्याचे घर पाहून आपले पाडायचे नसते.

मग शुद्ध कोणते आणि अशुद्ध कोणते, हे ठरवणार कोण? फ्रेंच भाषेसाठी १६३५ साली एक अकादमी स्थापन झाली. इंग्रजीला असे न्यायालय कधीच नव्हते. सॅम्युअल जॉन्सनचा १७५५ सालचा कोश असो की आजचे कोश असोत, लोक बोलतात ते टिपून घेणे हेच त्यांचे मुख्य काम. 'पोस्टपोन'च्या उलट 'प्रीपोन' हा शब्द आपल्या देशात रुळला आणि ऑक्सफर्डच्या कोशकारांनी तो नोंदवला. तेव्हा दोन टोपल्या कराव्यात. ज्या चुकीने अर्थ बिघडतो किंवा माणूस उद्धट ठरतो, ती एका टोपलीत. ती निपटून काढावी. जिच्यात केवळ आपल्या मातीचा वास आहे, ती दुसऱ्या टोपलीत. तिच्यासाठी झोप उडवून घेऊ नये.

आपल्या जुन्या लोकांनी हे काम कसे केले ते पाहिले म्हणजे धीर येतो. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले, तेव्हा त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला. दोन्ही भाषा एकमेकींना दाखवाव्यात, हा त्यात भाव होता. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली आपले मोठे शास्त्रीय व्याकरण दिले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. तिची रीत काय होती? मराठी वाक्य घ्यायचे, ते इंग्रजीत न्यायचे, नियम पाहायचा. ह्या लोकांनी इंग्रजीसाठी मराठी खुंटीला टांगून ठेवली नाही. त्यांनी मराठीच्या पायरीवर उभे राहून इंग्रजीचे दार उघडले.

२००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. ती लवकर आली ह्याबद्दल आमचे भांडण नाही. पण लवकर शिकवायचे म्हणून मराठीचे व्याकरण मागे टाकायचे, हा सौदा तोट्याचा आहे. 'नव्हता' म्हणजे काय हे ज्याला उमगले नाही, त्याला 'डिड नॉट' पाठ होईल, समजणार नाही. आता तर खिशातला फोन क्षणात भाषांतर करून देतो. ती सोय चांगली आहे, तिचा उपयोग जरूर करावा. परंतु फोन वाक्य सांगतो. त्यामागचे 'का' शिकणाऱ्याने विचारले तरच हाती लागते. आणि मुलाखतीच्या टेबलापलीकडून प्रश्न येतो, तेव्हा फोन खिशातच असतो.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. एक, प्रत्येक विद्यार्थ्याने शंकांची एक वही ठेवावी. उजव्या पानावर आपली चूक लिहावी आणि डाव्या पानावर ती ज्या मराठी वाक्यातून आली ते वाक्य. महिन्याभरात त्याला दिसेल, की चुका शंभर असल्या तरी त्यांची कारणे दहाबाराच आहेत. दोन, शिक्षकांनी इंग्रजीच्या तासाला मराठी वाक्य फळ्यावर लिहिण्यात कमीपणा मानू नये. तीन, आणि ही सूचना पालकांना, किंबहुना आम्हां सर्वांनाच आहे. मूल चुकले तर हसू नये. हसण्याला पैसे पडत नाहीत, म्हणून आपण ते सढळ हाताने करतो. पण त्याची किंमत दुसराच कोणी मोजत असतो.

आमच्या वर्गातला तो मुलगा पुढे संसाराला लागला, चांगला स्थिरावला. काही वर्षांमागे भेट झाली तेव्हा आम्ही त्याला 'नव्हता' आणि 'डिड नॉट' हा प्रकार सांगितला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, 'एवढंच होतं होय? मग तेव्हाच सांगायचं ना.' ह्या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. निदान आजच्या मुलांना तरी ते वेळेवर सांगावे, एवढ्यासाठी हे व्याख्यान.

 कोणाला शंका असतील त्यांनी अवश्य विचाराव्यात. कोणीही हसणार नाही.